पायलटच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये फ्लाइंग अवर्स नेमके कसे भरायचे

एअरलाइनची व्हेकन्सी निघाली की ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास हाच असतो, की टोटलमध्ये सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट) धरायचा का, सोलो म्हणजे एकट्याने उडवलेलं ते पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी ज्याच्यावर तो) का, अमेरिकेत केलेलं सेफ्टी पायलटचं फ्लाइंग कुठे टाकू, आणि मग दहा जण दहा उत्तरं देतात आणि दहाही जण आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकजण वेगळ्या देशाच्या वेगळ्या नियमाने बोलत असतो. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मुख्यतः भारतातल्या एअरलाइनला अप्लाय करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे बारामती, गोंदिया, जळगाव, शिरपूरला उडवून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेतलेली मुलंमुली आणि बाहेरून लायसन्स करून इकडे कन्व्हर्जन केलेले, पण गल्फचे फॉर्म भरणाऱ्या एफओ (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट) लोकांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा. फॉर्म तुमच्या लॉगबुकच्या, म्हणजे फ्लाइंगच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पानावरचा आकडा मागत नाही, तो त्याच्या स्वतःच्या व्याख्येत बसणारे तास मागतो. लॉगबुकचा कॉलम कुणा प्रिंटरने किंवा ॲपवाल्याने आखलाय, फॉर्मचा रकाना एअरलाइनच्या रिक्रूटमेंटने आखलाय, दोघांवर एकच नाव असलं तरी आतला हिशेब एकच असेल याची काही गॅरंटी नाही. त्यामुळे लॉगबुक उघडून शेवटची ओळ कॉपी केली आणि सबमिट दाबलं असं करायचं नाही, फॉर्मवर रकान्याखाली किंवा शेवटी बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते आधी वाचायचं आणि त्या व्याख्येने एंट्र्या परत मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खा रविवार जातो, पण एकदा नीट शीट बनवली की पुढचा प्रत्येक फॉर्म पंधरा मिनिटांत होतो.

आता मुळात तास म्हणजे काय. विमान टेकऑफच्या उद्देशाने पहिल्यांदा हललं तेव्हापासून फ्लाइट संपून पूर्ण थांबलं तोपर्यंतचा वेळ म्हणजे फ्लाइट टाइम, ज्याला सगळे चॉक टू चॉक किंवा ब्लॉक टाइम म्हणतात. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ हा एअरबोर्न टाइम, तो विमानाच्या मेंटेनन्ससाठी टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीत, जातो, तुमच्या लॉगबुकमध्ये नाही. एअरलाइनमध्ये असाल तर एकार्समध्ये (विमानातून मेसेज पाठवणारी सिस्टीम) आउट (निघालं), ऑफ (उडालं), ऑन (टेकलं), इन (थांबलं) असे चार टायमिंग येतात, त्यातलं आउट ते इन तुमचं, ऑफ ते ऑन इंजिनीअरिंगचं. मुंबईत संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीवेवर लाईनमध्ये उभं राहिलेला वेळ तुमच्या ब्लॉकमध्ये येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रोस्टरवरचा शेड्यूल्ड ब्लॉक उचलून टाकू नका, खरा झालेला ब्लॉक टाका. काही जणांच्या ॲपमध्ये रोस्टर आपोआप इम्पोर्ट होतं आणि शेड्यूल्ड टाइम तसाच राहून जातो, वर्षाच्या शेवटी कंपनीच्या रेकॉर्डशी वीसतीस तासांचा फरक निघाला की मग मुलं डोकं धरून बसतात.

फ्लाइंग स्कूलवाल्यांसाठी हॉब्स आणि टॅक या विमानातल्या दोन मीटरांचा घोळ असतो. टॅकोमीटरचा तास हा इंजिनच्या आरपीएमवर चालतो, कमी आरपीएमला हळू पळतो, त्यामुळे तो घड्याळापेक्षा कमी भरतो. हॉब्स साधारण घड्याळासारखा पळतो, पण तो कशावर सुरू होतो ते विमानाच्या वायरिंगवर असतं, कुठे ऑइल प्रेशर आलं की, कुठे मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) ऑन केला की. म्हणजे रॅम्पवर मास्टर ऑन करून दहा मिनिटं चेकलिस्ट वाचत बसलात तर ती दहा मिनिटं फ्लाइट टाइम नाही. स्कूलच्या ऑथोरायझेशन शीटवर आणि विमानाच्या लॉगमध्ये जे गेलंय तेच तुमच्या लॉगबुकात असलं पाहिजे, बाकी वादात पडू नका.

मग दशांश आणि मिनिटं. हे वाचून बरेच जण म्हणतील एवढं काय त्यात, पण सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. अमेरिकन लॉगबुकं दशांशात असतात, १.५ म्हणजे दीड तास. आपल्याकडे तास आणि मिनिटं लिहायची पद्धत आहे, १:३० म्हणजे दीड तास. दशांशात ०.१ म्हणजे ६ मिनिटं. आता अमेरिकेतून आलेला मुलगा घाईघाईत १.५ चं १:५० करतो, प्रत्येक सॉर्टीला (म्हणजे एका उड्डाणाला) २० मिनिटं फुकटची वाढतात, अशा १०० सॉर्टी झाल्या तर ३३ तास २० मिनिटं हवेतून आली, आणि हे त्याने मुद्दाम केलेलं नसतं पण बघणाऱ्याला ते कसं कळणार. उलटही होतं, १०४:३५ ला १०४.३५ टाइप करतात, खरं ते १०४.५८ असतं, इथे तुमचंच नुकसान. म्हणून फॉर्म कुठल्या फॉरमॅटमध्ये मागतोय ते बघा, मिनिटांना ६० ने भागा आणि मग टाका. फॉर्म फक्त पूर्णांक घेत असेल तर खालचा आकडा घ्या. १९९:५० म्हणजे १९९, २०० नाही. मिनिमम २०० मागितलेत आणि तुमचे १९९:५० आहेत तर तुम्ही बसत नाही, दहा मिनिटांसाठी कोण बघतंय असं वाटतं पण ती दहा मिनिटंच नेमकी बघितली जातात.

एक्सेलमध्ये करत असाल तर अजून एक गंमत आहे. साधा टाइम फॉरमॅट २४ तास झाले की परत शून्यावर येतो, म्हणजे २०० तासांची बेरीज एक्सेल तुम्हाला ८ तास दाखवतो आणि तुम्ही घाबरता. सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये जाऊन एच हे अक्षर चौकोनी कंसात टाका, मग कोलन, मग दोनदा एम. झालं, पूर्ण बेरीज दिसते.

आता मेन मुद्दा, कुठले कॉलम एकमेकांत मिळवायचे आणि कुठले नाही. लग्नात ४०० पानं उठली, २५० मुलीकडची आणि १५० मुलाकडची, ही बेरीज बरोबर लागते, पण त्या ४०० मध्ये पुण्याचे किती, डायबिटीसवाले किती हे वेगळे प्रश्न झाले, ते आकडे ४०० मध्ये मिळवून कुणी ५५० पानं उठली असं सांगत नाही. लॉगबुकचंही तसंच. तुम्ही त्या वेळी कोण होता, म्हणजे ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबर शिकताना), पीआयसी की को-पायलट, ही वाटणी झाली, यांची बेरीज टोटलएवढी आलीच पाहिजे. विमान सिंगल इंजिन की मल्टी इंजिन ही दुसरी वाटणी, तिचीही बेरीज टोटलएवढीच. दिवस आणि रात्र, तेच. पण क्रॉस कंट्री (एका एअरपोर्टहून दुसरीकडे जाणं) आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडवणं) हे त्यातलेच काही तास आहेत, ते टोटलमध्ये परत मिळवायचे नाहीत. आणि सिम्युलेटर तर या सगळ्याच्या बाहेर, कारण तो हललाच नाही, निदान रनवेवर तरी नाही.

उदाहरण घेऊन करू. समजा एका मुलीचं भारतात झालेलं फ्लाइंग असं आहे: सिंगल इंजिन ड्युअल ७८:४०, सिंगल इंजिन सोलो १०४:३५, मल्टी इंजिन ड्युअल १७:००. टोटल झाली २००:१५. यातलं पीआयसी क्रॉस कंट्री ५२:१०, नाइट ६:२०, विमानातलं इन्स्ट्रुमेंट २१:०५. याशिवाय सिम्युलेटर २०:००. आता फॉर्ममध्ये टोटल फ्लाइंग २००:१५ जाणार, २२०:१५ नाही. पीआयसी १०४:३५. मल्टी १७:००, आणि मल्टीवर पीआयसी विचारलं तर शून्य, कारण सगळं इन्स्ट्रक्टरबरोबर झालंय. इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात २१:०५ की ४१:०५ हे फॉर्मवर अवलंबून, ॲक्च्युअल आणि सिम्युलेटेड असं वेगळं विचारलं तर नीट थांबून वाचा, कारण विमानात हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर घालायचं झाकण) घालून केलेल्या फ्लाइंगलाही सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंटच म्हणतात आणि जमिनीवरच्या डब्यातल्या वेळेलाही लोक सिम्युलेटेडच म्हणतात. पहिलं टोटलमध्ये आहे, दुसरं नाही. जिथे शंका वाटेल तिथे रिमार्क्समध्ये एक ओळ टाका, विमानात इतके, सिममध्ये इतके.

सीपीएलच्या २०० तासांचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो, १०० पीआयसी, त्यातले १५ अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले, २० तास पीआयसी क्रॉस कंट्री ज्यात ३०० नॉटिकल माइलचं एक आणि वाटेत दोन वेगळ्या एअरोड्रोमवर फुल स्टॉप लँडिंग, १० तास इन्स्ट्रुमेंट ज्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५, नाइटचे ५ तास आणि १० टेकऑफ १० लँडिंग. हा लायसन्सचा हिशेब आहे. नोकरीच्या फॉर्मचा हिशेब वेगळा असू शकतो हे लक्षात ठेवा, डीजीसीएने (आपली विमान वाहतूक नियामक संस्था) लायसन्ससाठी सिमचे काही तास इन्स्ट्रुमेंटमध्ये धरले म्हणून एअरलाइनच्या टोटलमध्ये ते आपोआप जात नाहीत.

आता अमेरिकेवाले, नीट वाचा, सगळ्यात जास्त भानगड तुमची आहे. एफएएच्या (तिकडची नियामक संस्था) नियमात पीआयसी लॉग करणं आणि खरोखर पीआयसी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की ज्या विमानाचं रेटिंग आहे त्यात कंट्रोल्स एकट्याने हाताळत असताना तुम्ही पीआयसी लॉग करू शकता, शेजारी इन्स्ट्रक्टर बसून इन्स्ट्रुमेंट शिकवत असला तरी. म्हणजे तोच तास ड्युअल रिसीव्ह्डमध्येही जातो आणि पीआयसीमध्येही. तिकडे ते पूर्ण कायदेशीर आहे, त्यात फसवाफसवी काही नाही. पण तोच आकडा जसाच्या तसा भारतातल्या फॉर्ममध्ये गेला की गडबड, कारण इकडे इन्स्ट्रक्टर शिकवतोय म्हणजे पीआयसी तो, तुम्ही ड्युअल.

दुसरं, सेफ्टी पायलट. दोघं मित्र मिळून सेसना भाड्याने घेतात, एकजण हूड घालून उडवतो, दुसरा बाहेर बघत बसतो, आणि ठराविक अटींत दोघंही पीआयसी लॉग करतात, भाडं अर्धं अर्धं. टाइम बिल्डिंगचा हा जुना फंडा आहे, तिकडचा नियम परवानगी देतो. इकडच्या एअरलाइनच्या फॉर्ममध्ये शेजारी बसून काढलेले ते तास पीआयसीमध्ये टाकू नका, आणि माझं मत विचाराल तर टोटलमधूनही बाहेर ठेवून रिमार्क्समध्ये वेगळे दाखवा. एकाच विमानाच्या एकाच फ्लाइटवर दोन सिंगल पायलट पीआयसी, आणि दोघंही एकाच एअरलाइनला अप्लाय करतात, हे तर नेहमीचंच आहे, कारण मित्र एकत्रच अप्लाय करतात.

आकड्यात बघा. तिकडचं लॉगबुक म्हणतं टोटल २५०, ड्युअल ११०, पीआयसी १७०. ड्युअल आणि पीआयसी मिळून २८० होतात, टोटलपेक्षा ३० जास्त, म्हणजे ३० तास दोन्हीकडे लिहिलेत. इन्स्ट्रक्टर बाजूला असलेले ते ३० काढले की पीआयसी राहिलं १४०. त्यातले समजा २५ तास तुम्ही सेफ्टी पायलट म्हणून बसला होता, ते काढले की पीआयसी ११५ आणि टोटल २२५. पोटात गोळा येतो हे मान्य, इतके पैसे घालून केलेले तास असे उडताना बघवत नाही, पण ११५ हा आकडा कुणीही कुठूनही तपासला तरी उभा राहतो. १७० इंटरव्ह्यूच्या तिसऱ्या प्रश्नाला पडतो.

क्रॉस कंट्रीचंही तसंच. अमेरिकेत लायसन्ससाठी धरायचं तर निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल माइलपेक्षा लांब लँडिंग लागतं, पण नुसतं लॉग करायला दुसऱ्या कुठल्याही एअरपोर्टवर उतरलं तरी चालतं. काही ॲप दोन्ही एकाच कॉलममध्ये ढकलतात. नाइटमध्ये पण त्यांच्याकडे लॉग करायला संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट संपल्यापासून धरतात आणि पॅसेंजर नेण्यासाठीच्या करन्सीची (अलीकडे उडवलेलं असण्याची अट) लँडिंग सूर्यास्तानंतर एक तासाने सुरू होतात. त्यामुळे फॉर्मने रात्रीचे तास विचारले तर एकच व्याख्या धरा आणि सगळ्या एंट्र्यांना तीच लावा. कॅनडा, साउथ आफ्रिका, न्यूझीलंडवाल्यांनीही आपापल्या देशाचा नियम एकदा उघडून बघावा. युरोपवाल्यांकडे स्टुडंट पीआयसी नावाचा अजून एक प्रकार असतो, इन्स्ट्रक्टर नुसता बघत असतो आणि सही करतो, तो त्यांच्याकडे पीआयसीत धरतात. फॉर्ममध्ये त्याचा वेगळा रकाना नसेल तर रिमार्क्समध्ये तोडून दाखवा.

एअरलाइनमध्ये एफओ असलेल्यांसाठी. तुम्ही पायलट फ्लाइंग होतात, टेकऑफ तुम्ही केला, लँडिंग तुम्ही केलं, तरी ते पीआयसी नाही. कमांडर डावीकडे बसलाय. तुमचं ते को-पायलट, पी-टू. पीआयसी अंडर सुपरव्हिजन म्हणजे पी-वन यूएस हे वेगळं, ते ठराविक परवानगीने आणि कॅप्टनच्या सहीने लॉग होतं, आणि ते सुद्धा पीआयसीच्या रकान्यात सरसकट ढकलायचं नाही, त्याचा स्वतःचा रकाना बहुतेक फॉर्ममध्ये असतो. समजा स्कूलचे २०० आणि एअरबस ए३२० वर ९८०, टोटल ११८०. ऑन टाइप (म्हणजे त्याच प्रकारच्या विमानावर) ९८०, त्यातले पी-वन यूएस ६०, ऑन टाइप पीआयसी शून्य. एकूण पीआयसी विचारलं तर स्कूलमधले सोलोचे १०४. गल्फचे फॉर्म बहुतेक वेळा विमानाचं वजन घालतात, ५,७०० किलोच्या वरचं पीआयसी किंवा मल्टी क्रू जेटवरचं पीआयसी, तिथे सेसनाचे १०४ जात नाहीत, तिथे शून्य. शून्य लिहायला हात अडखळतो पण शून्य हे पण उत्तर आहे. रकाना रिकामा सोडला तर वाचणाऱ्याला कळत नाही की नाहीयेत का विसरला.

टाइप रेटिंगचे (ठराविक प्रकारचं विमान उडवायची परवानगी) पैसे भरून आलेले पण लाइनवर, म्हणजे एअरलाइनच्या नेहमीच्या उड्डाणांवर, न गेलेले, तुमचं ऑन टाइप काय? फुल फ्लाइट सिम्युलेटरमधले सेशन कितीही झाले तरी ते विमानावरचे तास नाहीत. बेस ट्रेनिंगला खऱ्या विमानावर सर्किट (रनवेभोवतीच्या फेऱ्या) मारली असतील तर तेवढेच. लायसन्सवर ए३२० चं एंडॉर्समेंट आहे आणि ऑन टाइप तास शून्य, यात काही विसंगती नाही, रिक्रूटमेंटवाल्यांना हे व्यवस्थित माहीत असतं. तुम्ही तिथे सिमचे तास टाकलेत तरच त्यांना प्रश्न पडतो.

जंपसीटवर (कॉकपिटमधली जादा सीट) बसून ऑब्झर्व्हेशन केलं ते लॉग होत नाही. युनिफॉर्म घालून पॅसेंजर म्हणून दुसऱ्या स्टेशनला गेलात ते अर्थातच नाही. लांब पल्ल्याच्या फ्लाइटवर तीन किंवा चार पायलट असतात तेव्हा बंकमध्ये झोपलेल्या वेळेचं काय करायचं हे देशादेशावर आणि फॉर्मवर आहे, व्याख्या बघा, दिलेली नसेल तर मेल टाकून विचारा. एअर फोर्स किंवा नेव्हीमधून येणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने कुठलाही फॅक्टर लावून तास वाढवू नयेत, काही अमेरिकन एअरलाइन प्रत्येक सॉर्टीमागे थोडा वेळ मिळवून देतात पण तो त्या देतात, आपण नाही. जुहूवरून ऑफशोअर हेलिकॉप्टर उडवलेल्यांनी रोटरचे तास फिक्स्ड विंगमध्ये मिसळू नयेत, एकूण अनुभव म्हणून वेगळे लिहा, किंमत असतेच त्याला. आणि हो, ड्रोनचे तास नाही चालत. हसू नका, विचारलंय लोकांनी.

तारीख आणि वेळ. लॉगबुक यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळ) असेल तर सगळं यूटीसीतच. रात्री एकला आयएसटीने निघालेली फ्लाइट यूटीसीत आदल्या दिवशीच्या १९:३० ची असते, म्हणजे तारीखच बदलते. कागदाच्या लॉगबुकात ५ तारीख, ईजीसीएवरच्या (डीजीसीएचं पोर्टल) ई-लॉगबुकात ४ तारीख, आणि तपासणारा म्हणतो ही फ्लाइट इकडे दिसतेय तिकडे दिसत नाही. शेवटच्या १२ महिन्यांचे किंवा ९० दिवसांचे तास मागतात तेव्हाही काठावरच्या फ्लाइट्स अशा आतबाहेर होतात. त्यामुळे फॉर्मसाठी एक तारीख ठरवा, अमुक तारखेपर्यंतचे तास, ती तारीख शीटच्या डोक्यावर लिहा, आणि फॉर्ममध्ये तसा रकाना किंवा रिमार्क्सची जागा असेल तर तिथेही टाका. एकाच आठवड्यात तीन एअरलाइनना तीन वेगळे टोटल गेले तर काही बिघडत नाही, तारखा वेगळ्या असल्या की झालं.

सीपीएल होऊन बराच काळ घरी बसलेली खूप मुलं आहेत, त्यांना शेवटच्या १२ महिन्यांचा रकाना भरताना फार वाईट वाटतं आणि मग कुठेतरी करन्सीसाठी केलेली एकदोन सॉर्टी फुगवून लिहायचा मोह होतो. करू नका. शेवटची फ्लाइट कधी, हे लॉगबुकच्या पानावर ढळढळीत दिसतं. गॅप का पडला याचं खरं उत्तर, म्हणजे व्हेकन्सी नव्हत्या, कोविड होता, पैसे नव्हते, हे पॅनलवरच्या लोकांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि त्यांना ते समजतं.

आता कागदाचं लॉगबुक आणि ई-लॉगबुक जुळवणं. ईजीसीएवर तुम्ही एंट्री टाकता आणि स्कूल किंवा ऑपरेटर ती अप्रूव्ह करतो. टाकली पण अप्रूव्ह झाली नाही अशा एंट्र्या टोटलमध्ये दिसतात असं समजून बसू नका, पेंडिंगची लिस्ट उघडून बघा. स्कूल सोडून गेलात आणि मागे दहा सॉर्टी पेंडिंग राहिल्या तर नंतर त्या अप्रूव्ह करून घ्यायला फोनवर फोन करावे लागतात, सीएफआय (स्कूलचा मुख्य इन्स्ट्रक्टर) बदललेला असतो, नवीन माणूस म्हणतो मी कसा सही करू. म्हणून स्कूल सोडायच्या आधी हे उरकून टाका. कागदाच्या लॉगबुकावरही ठराविक काळाने सर्टिफिकेशनच्या सह्या लागतात, त्या राहिल्या असतील तर आत्ताच घ्या.

कागदावर चूक सापडली तर व्हाइटनर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचं नाही, पान तर अजिबात फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, स्वतःची छोटी सही आणि तारीख, आणि ज्याने एंट्री सर्टिफाय केली होती त्याची सही मिळाली तर उत्तम. चूक बेरजेत असेल, म्हणजे चाळीस पानांपूर्वी कॅरी फॉरवर्ड करताना ८६ चे ९६ झाले आणि ते तसंच पुढे गेलं, तर मागची सगळी पानं खोडत बसायची गरज नाही, आत्ताच्या पानावर एक नोंद करा की अमुक पानावर बेरीज चुकली होती, इतके तास वजा, आणि पुढे बरोबर आकडा चालू. रेघा मारलेलं लॉगबुक बघून कुणी नापास करत नाही. उलट माझ्या मते दोनशे तासांत एकही खाडाखोड नसलेलं, एकाच पेनने एकाच बसणीत लिहिल्यासारखं दिसणारं लॉगबुक जास्त संशय आणतं.

संशयाचं कारण आपल्याकडे इतिहास आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका प्रवासी विमानाचं लँडिंग नोज व्हीलवर झालं, त्याच्या चौकशीतून कमांडरच्या लायसन्ससाठी दिलेली मार्कशीटच बनावट असल्याचं निघालं, मग डीजीसीएने इतरांचीही कागदपत्रं तपासायला घेतली आणि अटका झाल्या. त्याच वर्षी राजस्थानात न उडवता तास दाखवून लायसन्स मिळवल्याचं प्रकरण तिथल्या अँटी करप्शन ब्युरोने काढलं. शेजारी पाकिस्तानात जून २०२० मध्ये त्यांच्याच मंत्र्यांनी संसदेत २६२ पायलटांची लायसन्सं संशयास्पद असल्याचं सांगितलं, तिथे मुद्दा परीक्षांचा होता, पण व्हिएतनामसारख्या देशांनी तिकडचे पायलट जमिनीवर बसवले आणि पुढच्या महिन्यात पाकिस्तानच्या पीआयए एअरलाइनची युरोपची उड्डाणं बंद झाली, त्यात सरळमार्गी लोकही भरडले गेले. तेव्हापासून तास पडताळणं हे कुणा एका खडूस ऑफिसरचं काम राहिलेलं नाही. पार्कर पेनने उडवलेले, म्हणजे न उडवता नुसते लिहिलेले तास हा जुना विनोद आहे आमच्यात, पण पकडायला फार हुशारी लागत नाही, तुमच्या लॉगबुकाशेजारी त्या विमानाचा लॉग ठेवायचा, आणि ज्या दिवशी तुमचं सोलो क्रॉस कंट्री आहे त्या दिवशी ते विमान हँगरमध्ये इन्स्पेक्शनला उघडून ठेवलेलं असेल तर विषय संपला. एटीसीकडे मूव्हमेंटची नोंद असते, फ्युएलची असते. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर नोकरी सोडा, लायसन्स जातं, अमेरिकेत तर लॉगबुकातल्या खोट्या एंट्रीवर सगळी सर्टिफिकेट्स काढून घेण्याची तरतूद आहे.

म्हणून शीट बनवताना एक पद्धत ठेवा. प्रत्येक फ्लाइट एका ओळीत, तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, टाइप, कुठून कुठे, ब्लॉक, मी कोण होतो, सिंगल की मल्टी, नाइट किती, इन्स्ट्रुमेंट किती, क्रॉस कंट्री आहे की नाही, आणि शेवटी लॉगबुकाचा पान नंबर. हा पान नंबरचा कॉलम सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा, कुणी विचारलं की हे मल्टीचे १७ तास दाखव, तर फिल्टर लावला की पानं समोर. मग तीन तपासण्या करा. ड्युअल अधिक पीआयसी अधिक को-पायलट बरोबर टोटल येतंय का. सिंगल अधिक मल्टी बरोबर टोटल येतंय का. आणि प्रत्येक टाइपचे तास मिळवले, सी१५२ इतके, सी१७२ इतके, डीए४० इतके, डीए४२ इतके, तर तेच टोटल येतंय का. तिन्ही जुळल्याशिवाय फॉर्म उघडूच नका. एकाने जरी चकवलं तर बहुतेक वेळा कुठेतरी मिनिटांचा घोळ किंवा एक सॉर्टी दोनदा टाकलेली असते, सापडते.

इंटरव्ह्यूला लॉगबुक नेताना रंगीत स्टिकी लावून न्या, पहिला सोलो, ३०० माइलवालं क्रॉस कंट्री, नाइट, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चेक फ्लाइट, मल्टीची स्किल टेस्ट, शेवटची फ्लाइट. पॅनलवरचा कॅप्टन पान उघडून सहज विचारतो की या दिवशी तुझं ते क्रॉस कंट्री होतं ना, वेदर कसं होतं, कुठे उतरलास, फ्युएल किती होतं. ज्याने खरंच उडवलंय तो बोलायला लागला की थांबत नाही. त्यामुळे जायच्या आधी आपलंच लॉगबुक एकदा निवांत वाचून काढा.

आणि फॉर्म सबमिट केल्यावर चूक लक्षात आली तर गप्प बसू नका. ज्या आयडीवरून पोचपावती आली त्याच आयडीवर लगेच मेल टाका, ॲप्लिकेशन नंबर, कुठला रकाना, काय लिहिलं होतं, बरोबर आकडा काय, कशामुळे चुकलं ते एका वाक्यात, सोबत त्या पानांचे स्कॅन. लांबलचक माफीनामा नको, चार ओळी पुरे. सुधारलेला आकडा मिनिममच्या खाली जात असेल तरीही पाठवा. त्या मेलची आणि सबमिट केलेल्या फॉर्मची पीडीएफ त्या दिवशीच्या शीटबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कारण पुढच्या वर्षी तीच एअरलाइन परत जाहिरात काढते आणि तुमचा जुना फॉर्म त्यांच्याकडे असतो.